कॅम्पर व्हॅनची दुसरी बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नसेल तर

दुसरी बॅटरी म्हणजे मागच्या भागातले फ्रिज, दिवे, पंखा चालवणारी, इंजिनाची नव्हे. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे हे तुमच्या गाडीचं दुखणं आहे की नाही ते लगेच कळेल.

- रात्री दहाला मीटरवर १२.६ व्होल्ट दिसतात, सगळे निवांत झोपतात आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास फ्रिज बंद पडलेला असतो. दिवे मात्र चालू असतात.
- फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतो, दोन-चार सेकंद गुरगुरतो, थांबतो, परत प्रयत्न करतो.
- दुपारी सोलर कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) ‘बॅटरी फुल’ दाखवतो, पण सूर्य मावळल्यावर तासाभरातच आकडा घसरायला लागतो.
- दिवसभर गाडी चालवली तरी मुक्कामाला पोचल्यावर मागची बॅटरी होती तशीच असते.
- इन्व्हर्टरवर मिक्सर लावला की लगेच भोंगा वाजतो.
- नवी बॅटरी टाकली की पहिले काही मुक्काम छान जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा. सकाळी सेल्फच लागत नसेल, म्हणजे इंजिनाची बॅटरीही उतरत असेल, तर बिघाड वेगळा आहे. इंजिन बंद झाल्यावर दोन बॅटऱ्या एकमेकींपासून सुटत नाहीत, त्या जोडणारा रिले चिकटलेला असतो. तो रिले आधी बदलून घ्या.

ट्रॅव्हलर, ईको आणि तशाच गाड्यांमध्ये मी सोलर आणि दुसऱ्या बॅटरीचं काम करतो आणि वरचं गाऱ्हाणं मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं. गेल्या डिसेंबरात गणपतीपुळ्याहून एका ताईंचा फोन आला होता. ‘दादा, दोन वर्षांत ही तिसरी बॅटरी. दुकानदार म्हणतो ही पण गेली. फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन आहे, काय करू सांगा.’ इन्सुलिन त्या रात्री शेजारच्या लॉजच्या फ्रिजमध्ये गेलं आणि गाडी चार दिवसांनी माझ्याकडे आली. बॅटरी चांगली होती. ती पूर्ण भरलीच जात नव्हती. त्या गाडीकडे पुढे परत येतो, कारण तिच्यात जे सापडलं तेच बहुतेक गाड्यांमध्ये सापडतं.

लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धी-मुर्धी भरत राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ती खरोखरच मरते. मग दुकानात तपासल्यावर ‘बॅटरी गेली’ हे निदान बरोबरच येतं. पण तिला मारणारं कारण गाडीतच राहतं आणि नव्या बॅटरीलाही तेच मारतं. म्हणून सगळ्यात महागडी वस्तू सगळ्यात शेवटी बदलायची.

लागणारं सामान

एक साधा मल्टीमीटर. जमलं तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, पण घेताना तो डीसी अँपिअर दाखवतो याची दुकानातच खात्री करा. घरच्या वायरिंगसाठी मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, बॅटरीच्या वायरीवर ते शून्यच दाखवतील. तिसरी वस्तू म्हणजे हेडलाइटचा जुना एच-फोर बल्ब, त्याच्या साठ वॅटच्या टोकाला दोन वायरी जोडलेल्या. बारा व्होल्टवर तो साधारण पाच अँपिअर खेचतो, म्हणजे चालू फ्रिजएवढाच. फ्रिज मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो, बल्ब मात्र ठरलेला भार देत राहतो. हा बल्ब भयंकर तापतो, त्याला लाकडी फळीवर ठेवा आणि पोरांपासून लांब ठेवा.

काम सुरू करण्याआधी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, गळ्यातलं लोंबणारं सगळं काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर ती बोटावर लाल होते. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्याजवळ काडी, उदबत्ती काही नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर त्याच्या वायरीत वीज आहे. ती सोडवायची असेल तर वर जाड गोधडी टाका.

१. छतावर चढून बघा

खर्च शून्य. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान कंट्रोलरवर किती अँपिअर येतायत ते लिहून ठेवा. मग पॅनेल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा आणि परत बघा. कच्छच्या रणातून आलेल्या गाडीवर मीठ-धुळीचा असा थर असतो की फरक स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

धुळीपेक्षा सावली वाईट. पॅनेलमधले सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली पडली की तिच्या साखळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये सहसा दोन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारे) असतात, म्हणजे कॅरिअरच्या एका दांडीची सावली अर्धं पॅनेल झोपवू शकते. पडताळून बघायचं असेल तर एकाच सेलवर पुठ्ठा ठेवा आणि कंट्रोलरचा आकडा बघा. एसीचं युनिट, छतावरचा तंबू, टीव्हीच्या डिशची छत्री, सामानाची पेटी, यांची सावली सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे पडते, म्हणून दिवसातून तीनदा बघा.

आपण गाडी आंब्याखाली लावतो कारण आत गार राहतं. ते मलाही आवडतं. पण मग त्या दिवशी सोलरकडून काही अपेक्षा ठेवायची नाही, किंवा घडीचं पॅनेल लांब वायरीने उन्हात मांडायचं.

छताला चिकटवलेली वाकणारी पॅनेलं असतील तर आणखी एक गोष्ट. पॅनेलवर लिहिलेले आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर सेल साठ-पासष्ट अंशांवर जातात आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के व्होल्टेज घटतं. १८ व्होल्टचं पॅनेल मग पंधराच्या आसपास येतं. त्यातून वायरीत एखादा व्होल्ट गेला की १४.४ पर्यंत बॅटरी चढवायला काही उरत नाही. चौकटीचं पॅनेल आणि छत यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा ठेवा, खालून वारा गेला पाहिजे.

२. जमाखर्च मांडा

हीही फुकट तपासणी, आणि कधी कधी इथेच कळतं की बिघाड काहीच नाही. कागदावर लिहा. ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. उन्हाळ्यात तो दिवसाचा निम्मा वेळ चालला तर ५० अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास), थंडीत ३०. छोटा पंखा दीड अँपिअरने आठ तास, म्हणजे १२. दिवे ४. फोन-लॅपटॉप १०. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं तो इन्व्हर्टर: काही न लावता नुसता चालू ठेवला तरी अर्धा ते एक अँपिअर खातो. रात्रंदिवस चालू राहिला तर १२ ते २४ अँपिअर-तास फुकट गेले.

उन्हाळ्यातला हा खर्च नव्वद-शंभरच्या घरात जातो. आता जमा बघा. लेड-ॲसिडची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी ५०. छतावर सपाट ठेवलेलं २०० वॅटचं पॅनेल महाराष्ट्रातल्या चांगल्या उन्हात दिवसाला ५०-६० अँपिअर-तास भरतं, जुलैत कोकणात त्याचा थोडासाच भाग. हे गणित जुळत नसेल तर वायरमन बदलून उपयोग नाही. इन्व्हर्टर झोपताना बंद करा, फोन थेट बारा व्होल्टच्या चार्जरवर लावा, फ्रिज उणे चारऐवजी अधिक चार अंशांवर ठेवा आणि आधी घरच्या विजेवर गार करून मगच निघा. गरम पाण्याच्या बाटल्या भरून लावलेला फ्रिज पहिली रात्र सलग चालतो.

३. बॅटरीला विश्रांती देऊन मोजा

चार्जिंग थांबल्यावर लगेच दिसणारा आकडा फसवा असतो. सगळे भार बंद, सोलर बंद, असे दोन-तीन तास जाऊ द्या. सूर्य उगवण्याआधी मोजणं सगळ्यात सोपं. मल्टीमीटरच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर टेकवा, वर बसवलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कडीवर) नाही.

लेड-ॲसिडसाठी १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रात्री दहाला भार चालू नसताना १२.६ आणि अर्ध्या तासात, विशेष भार नसताना, १२.२ आली, तर पहिला आकडा नुसता वरवरचा होता.

लिथियम, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट, असेल तर व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका. ती ४० टक्के असो की ९० टक्के, १३.२-१३.३ च्या आसपासच राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्यासाठी मायनसच्या वायरीत शंट (प्रवाह मोजायची पट्टी) बसवून अँपिअर-तास मोजणारा मीटर हवा. लाहौल-स्पितीला थंडीत जाऊन आलेले लोक मला सांगतात की सकाळी लख्ख ऊन असूनही चार्जिंग शून्य होतं. तो बिघाड नव्हे. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केले तर ते कायमचे खराब होतात, म्हणून चांगल्या बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं आतलं सर्किट, चार्जिंग रोखून धरतो. गाडी आतून ऊबदार झाली की ते आपोआप सुरू होतं.

४. वायर, थिंबल, सॉकेट

इथे वेळ घालवा. पहाटे फ्रिज बंद पडतो पण दिवे चालू राहतात, या कोड्याचं उत्तर सहसा इथे असतं.

फ्रिजला बॅटरीचं व्होल्टेज दिसत नाही, स्वतःच्या प्लगपाशी पोचलेलं व्होल्टेज दिसतं. मधल्या वायरीत जे हरवतं ते त्याच्या हिशेबी बॅटरीतच नाही. दीड एमएमची (चौरस मिलीमीटर) वायर, बॅटरी ते फ्रिज सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर, आणि पाच अँपिअर: यात ०.८ व्होल्ट जातात. बॅटरी १२.० वर असताना फ्रिजला ११.२ मिळतात. त्यात फ्रिजचं बॅटरी-संरक्षण ‘हाय’वर ठेवलेलं असेल तर तो अकराच्या आसपास बंद होणारच, आणि सुरू होतानाचा झटका तर पाच अँपिअरपेक्षा बराच मोठा असतो. तीच वायर सहा एमएमची घातली तर नुकसान ०.२ वर येतं. एलईडी दिव्यांना जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, त्यांच्या वायरीत काही हरवत नाही, म्हणून ते जळत राहतात.

मोजायची पद्धत: फ्रिजच्या सॉकेटला बल्ब लावा आणि तो पेटलेला असतानाच चार ठिकाणी मोजा. बॅटरीची टोकं, मुख्य फ्यूजच्या पलीकडे, फ्यूज बॉक्स, आणि सॉकेट. भार नसताना मोजलं तर सगळीकडे सारखाच आकडा येतो आणि आपण फसतो. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या टप्प्यात. बॅटरी ते सॉकेट मिळून ०.३ व्होल्टपर्यंत घट मी चालवून घेतो, त्याच्या वर नाही.

मायनसची बाजू वेगळी मोजा. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी सॉकेटच्या मायनसवर, बल्ब चालू. इथे ०.१ पेक्षा बरंच जास्त दिसलं तर बॉडीला दिलेलं अर्थिंग कच्चं आहे. रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. तिथला रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा, म्हणजे गंज धरणार नाही.

आता गणपतीपुळ्याची गाडी. फ्रिजपर्यंतची वायर तिच्यात चांगली जाड होती. दोष निघाला कंट्रोलर ते बॅटरी या टप्प्यात. दुपारी कंट्रोलरच्या टोकांवर १४.४ आणि त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर १३.६. आठ दशांश व्होल्ट मध्येच गायब. मायनसचं थिंबल पकडीने नुसतं चेपलेलं होतं, वर इन्शुलेशन टेप. टेप सोडली तर तांब्याच्या तारांवर मोरचुदासारखी हिरवट-निळी भुकटी. किनाऱ्याची खारी हवा टेपच्या आत शिरते आणि तिथेच मुरते.

यात बॅटरी का मरते ते समजून घ्या. कंट्रोलर स्वतःच्या टोकांवर १४.४ बघतो आणि समजतो की बॅटरी भरत आली. तो प्रवाह कमी करायला लागतो. बॅटरीला मात्र तेव्हा १३.६ च मिळत असतात. प्रवाह घटला की वायरीतलं नुकसानही घटतं, त्यामुळे दिवस पुरेसा मोठा असता तर ती कधीतरी भरली असती. पण बरेच स्वस्त कंट्रोलर १४.४ वर ठराविक वेळ, दोनेक तास, थांबून फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर, उतरतात, आणि सूर्यही कुणासाठी थांबत नाही. स्क्रीनवर ‘फुल’, बॅटरी पाऊणच्या आत, असं रोज. दोन बॅटऱ्या त्या ताईंनी अशाच गमावल्या. नवी थिंबलं, षटकोनी दाबाचं क्रिम्पिंग, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी आणि कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर आणून बसवला, एवढंच काम केलं. तिसरी बॅटरी अजून चालू आहे.

तुमच्याकडे हीच तपासणी दुपारी, चार्जिंग चालू असताना करा: कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर पाठोपाठ मोजा. ०.१ च्या आत फरक चांगला. जास्त असेल तर आधी जोड बघा, मग वायर. चार मीटर लांब अडीच एमएमची वायर ११ अँपिअरला ०.७ व्होल्ट खाते, जोड कितीही पक्के असले तरी.

सिगारेट लायटरच्या सॉकेटबद्दल दोन शब्द. तो फ्रिजसाठी बनलेलाच नाही. घाटात गाडी हलली की प्लगची स्प्रिंग ढिली होते, टोक तापतं, प्लॅस्टिक वितळतं. अर्धा तास फ्रिज चालल्यावर प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला तर तो सॉकेट काढून टाका आणि अँडरसनसारखा घट्ट बसणारा कनेक्टर लावा.

५. कंट्रोलरच्या सेटिंग आणि जात

बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का ते बघा. लिथियमला ‘जेल’वर आणि पाण्याच्या ट्युब्युलरला ‘लिथियम’वर ठेवलेले कंट्रोलर मी पाहिलेत. दुसरं, जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी. बॅटरीवरूनच कंट्रोलर ओळखतो की ही यंत्रणा बाराची आहे की चोवीसची. क्रम उलटा झाला तर तो चुकीचा अंदाज बांधतो, कधी जळतोही.

मग त्याची जात ओळखा. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज जादा प्रवाहात बदलतो, पीडब्ल्यूएम पॅनेल नुसतं बॅटरीला जोडतो-तोडतो. वर ‘एमपीपीटी’ छापलेल्या स्वस्त कंट्रोलरच्या आत बरेचदा साधं पीडब्ल्यूएम असतं. पारख सोपी आहे: बॅटरी अर्धवट रिकामी असताना, चांगल्या उन्हात, पॅनेलच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ते बॅटरीएवढंच, म्हणजे तेरा-चौदा दिसलं तर पीडब्ल्यूएम. बॅटरीपेक्षा बरंच वर, अठराच्या आसपास (तापलेल्या पॅनेलवर थोडं कमी) किंवा त्याहून जास्त दिसलं तर खरा एमपीपीटी.

हे का महत्त्वाचं? घराच्या गच्चीवर लागणारी ३३५ वॅटची, ७२ सेलची पॅनेलं सगळीकडे मिळतात, वॅटमागे स्वस्त पडतात, म्हणून लोक तीच गाडीवर चढवतात. त्यांचं कामाचं व्होल्टेज ३८ च्या आसपास आणि प्रवाह नऊ अँपिअरच्या आत. पीडब्ल्यूएम व्होल्टेजचं रूपांतर करत नाही, प्रवाह तेवढाच पुढे ढकलतो. तेरा व्होल्ट गुणिले नऊ, म्हणजे ११५-१२० वॅट. दोन तृतीयांश पॅनेल छतावर नुसतं ओझं म्हणून फिरतं. असं असेल तर खरा एमपीपीटी घ्या. तो पैसा कुठल्याही नव्या बॅटरीपेक्षा जास्त सत्कारणी लागतो.

६. गाडी चालवताना चार्ज होतं का?

इंजिन चालू करून मागच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा. ते पंधरा मिनिटांत जराही वर सरकलं नाही तर पुढच्या बॅटरीजवळचा फ्यूज, मग रिलेला इग्निशनवरून येणारी बारीक वायर, आणि मग रिले, या क्रमाने तपासा. ती बारीक वायर बॉनेटखालच्या उष्णतेत कडक होऊन तुटते.

हे सगळं ठीक असूनही चार्ज होत नसेल तर गाडीचं साल विचारतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांपैकी काहींमध्ये अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) संगणकाच्या ताब्यात असतो. पुढची बॅटरी भरली की तो इंधन वाचवायला व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतो. व्होल्टेज पाहून जुळणारा रिले साधारण १३.३ ला जुळतो आणि १२.८ ला सुटतो, त्यामुळे तो हायवेवर बहुतेक वेळ सुटलेलाच राहतो. यावर उपाय डीसी-डीसी चार्जर. येणारं व्होल्टेज कमी असलं तरी तो मागच्या बॅटरीला हवं तेवढं बनवून देतो आणि प्रवाहाला २०-३० अँपिअरची मर्यादा घालतो. मागे लिथियम असेल तर ही मर्यादा हवीच, कारण रिकामी लिथियम मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि ट्रॅफिकमध्ये, इंजिन मंद फिरत असताना, अल्टरनेटर जळू शकतो.

पुढच्या बॅटरीच्या मायनसवर छोटा चौकोनी सेन्सर असेल तर मागची कुठलीही मायनस वायर थेट त्या टोकाला जोडू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडीला जोडा. नाहीतर गाडीच्या संगणकाला त्या प्रवाहाचा पत्ताच लागत नाही आणि तो चुकीचे निर्णय घेतो.

७. आता बॅटरी

वरचं सगळं नीट निघालं तरच इथे या. बॅटरी घरी काढून, घरच्या चांगल्या चार्जरने पूर्ण भरा, तीन तास विश्रांती द्या आणि मग हेडलाइटचा बल्ब लावा. शंभर अँपिअर-तासांची धडधाकट लेड-ॲसिड बॅटरी दहा तास बल्ब जाळून, थोड्या विश्रांतीनंतर, १२.२ च्या आसपास असायला हवी. पाच-सहा तासांतच बल्ब पिवळा पडला तर ती खरंच संपली आहे.

पाण्याच्या बॅटरीत आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, मग हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) मोजा. सहापैकी एका कप्प्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ५० अंकांनी, म्हणजे १.२५० ला १.२०० असा, मागे असेल तर तो कप्पा गेला. एक विनंती: घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्युब्युलर बॅटरी झोपायच्या डब्यात ठेवू नका. हायड्रोजन, ॲसिडचे शिंतोडे आणि ५०-६० किलोचं वजन, अपघातात हे तिन्ही तुमच्या अंगावर येतात. ती ठेवायचीच तर बाहेरून हवा खेळणाऱ्या, पक्क्या बांधलेल्या पेटीत.

इथे हात थांबवा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका.

- बॅटरी फुगली आहे, हाताला गरम लागते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चार्जिंग बंद करा, दारं उघडा, बाहेर या, बॅटरीवाल्याला बोलवा.
- एकच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. तिसरा घालायचा नाही आणि मोठा तर कधीच नाही. कुठेतरी वायर पत्र्याला घासून उघडी पडली आहे.
- बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज नाही, किंवा त्या जागी घरातला साधा एमसीबी लावलाय. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही. गाडी वापरायची थांबवून आधी हे करून घ्या.
- इन्व्हर्टरची २३० व्होल्टची बाजू, किंवा कॅम्पसाइटवरून घेतलेली वीज. पत्र्याच्या गाडीत हा शॉक जीव घेतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.
- पॅनेलं एकामागे एक जोडलेली आहेत. ५४० वॅटचं एक पॅनेल उघड्या टोकांवर ४९ व्होल्टच्या आसपास देतं, दोन जोडली की ९८, आणि थंडीत त्याहून वर. १०० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर मनालीच्या एका सकाळी जातो. उन्हात हे कनेक्टर उघडलं तर ठिणगी सुटते आणि ती विझत नाही. सोलरवाल्याला बोलवा.
- लिथियम बॅटरीचं झाकण. आत काही दुरुस्त करण्यासारखं तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. ती बनवणाऱ्याकडे पाठवतो.
- अल्टरनेटर, गाडीचा संगणक, एअरबॅगची पिवळी वायरिंग. कंपनीचं वर्कशॉप.

छतावर पक्कं काही बसवताना आरटीओचा नियमही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला केलेले बदल आधीच कळवलेले बरे.

कारागिराला फोन करण्याआधी पाच आकडे कागदावर लिहून ठेवा: पहाटेचं विश्रांतीतलं व्होल्टेज, दुपारी कंट्रोलरच्या टोकांवर आणि त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवरचं, बल्ब चालू असताना फ्रिजच्या सॉकेटवरचं, इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीवरचं. सोबत कंट्रोलरच्या आणि पॅनेलमागच्या लेबलचा फोटो. एवढं हाताशी असेल तर गाडी न बघताही फोनवर निम्मं निदान होतं, आणि तुम्ही गणपतीपुळ्याला असाल तर पुण्यापर्यंतचा हेलपाटा वाचतो.